ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं तेल: कळवा-तुर्भे, जुलै ते ऑक्टोबरच्या नोंदी

गाडी सहा चाकी, पुढचे पाच गिअर आणि रिव्हर्स, पुढच्या पाचही गिअरना पितळी सिंक्रो रिंग (गिअर आवाज न करता पडावा म्हणून आतल्या फिरत्या भागांचा वेग सारखा करणारी कडी). तुर्भ्याच्या बाजार समितीतून कांदा-बटाटा उचलायचा आणि कळवा, ठाणे, घोडबंदर रोड, कधी भिवंडी असं पोहोचवायचं, हे तिचं काम. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लोक अशा नोंदीतून तेलाचं नाव तेवढं उचलतात आणि आपल्या गाडीत ओततात. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक वेगळे गिअरबॉक्स बसलेले असतात. गिअरबॉक्सच्या अंगावरची पट्टी पुसून नंबर वाचा आणि त्या नंबरचं पुस्तक उघडा. खालचं सगळं त्यानंतर.

८ जुलै

ड्रायव्हर काकांची तक्रार महिनाभर चालूच होती, आज मी स्वतः गाडी चालवून पाहिली. पहाटे गाडी थंड असताना पहिल्यावरून दुसरा पडतच नाही, दांडा अडून राहतो. तासाभराने गाडी तापली की पडतो, पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना करकर होते. चौथा-पाचवा ठीक.

तीन जणांनी तीन वेळा "क्लच प्लेट गेली" सांगितलं. प्लेटचं काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं, म्हणून आधी फुकटातली तपासणी केली. इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. आमच्या रिव्हर्सला सिंक्रो नाही, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर इथे लगेच खरखर ऐकू येते. गपचूप पडला. पेडलची ढिलाईही बरोबर आहे. म्हणजे क्लचला हात लावायचा नाही. दोष गिअरबॉक्सच्या आत आहे, आणि आत हात घालण्याआधी तेल बघायचं.

१० जुलै

लेव्हलचा नट उघडला. बोट घातलं तर तेल चिकट, मधासारखी तार धरणारं, आणि गंधकाचा उग्र वास. रंग काळा असायला हवा होता, तर कडेला राखाडी, गढूळ. म्हणजे पाणीही शिरलंय.

पाण्याचा माग लगेच लागला. जूनच्या शेवटी शिळफाट्याजवळ रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढली होती. गिअरबॉक्सच्या माथ्यावर ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर पडायला. त्याची टोपी नव्हतीच. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. पाऊस वरून गळून इतकं पाणी आत जात नाही.

पण करकर जूनच्या आधीपासून होती, तेव्हा फक्त पाण्यावर ठपका ठेवून चालणार नव्हतं. जुन्या बिलांची पिशवी काढली. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये तेल बदललं होतं. बिलावर एकच ओळ: "गिअर व हाऊसिंग ऑईल, ८५डब्ल्यू-१४०". एकाच बॅरलमधून दोन्हीकडे भरलंय. हाऊसिंगला म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शियलला ते शोभतं. गिअरबॉक्सच्या पुस्तकात मात्र स्पष्ट आहे: ८०डब्ल्यू-९०, एपीआय जीएल-४. डब्ल्यूनंतरचा आकडा तापलेल्या तेलाची जाडी सांगतो, जीएल म्हणजे एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेने ठरवलेला गिअर ऑईलचा वर्ग.

हे फार ठिकाणी होतं. गॅरेजवाल्याला एक बॅरल ठेवणं सोयीचं आणि जाड तेलाने गिअरबॉक्सचा आवाज दबतो, त्यामुळे मालकही खूश होऊन जातो.

११ जुलै

मिस्त्रींशी बोलणं झालं. त्यांचा हात चांगला आहे, पण तेलाच्या बाबतीत त्यांचं मत पक्कं.

"शेठ, जीएल-५ वरचा नंबर. चारपेक्षा पाच भारी. आणि जाड असलं की आवाज मरतो."

"आवाज मरतो मिस्त्री, पण रिंग मरते त्याचं काय?"

हा पाचाचा आकडाच सगळ्यांना फसवतो. चार आणि पाच ही एका शिडीच्या पायऱ्या नाहीत, दोन वेगळी कामं आहेत. डिफरन्शियलमध्ये क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरचे दात एकमेकांवर जोराने घसरतात. तिथे तेलाचा थर तुटतो, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. उष्णतेने ती पोलादावर एक पातळ थर बसवतात आणि दाताऐवजी तो थर झिजतो. गिअरबॉक्सच्या दातांवर इतकी घसट नसते. तिथे नाजूक वस्तू आहे ती सिंक्रोची पितळी रिंग. ती पोलादी कोनावर घासून दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करते, मग गिअर आवाज न करता पडतो. तिचं कामच घर्षणावर चालतं. रिंगच्या आतल्या बारीक खाचांनी तेलाचा थर कापला गेला तरच ती पकड घेते. तेल गरजेपेक्षा जाड असेल तर थर वेळेत कापला जात नाही, फार निसरडं असेल तर कापला जाऊनही पकड कमी पडते. थंड असताना दुसरा न पडण्याचं आणि तापल्यावर पडण्याचं कारण मला इथे दिसलं.

जाडीचे आकडे मिस्त्रींना दाखवले. १०० अंशांवर ९० नंबरच्या तेलाची जाडी १३.५ ते १८.५ सेंटीस्टोकच्या मध्ये असते. १४० नंबरची २४ पासून पुढे. गरम असतानाही एवढा फरक, पहाटे थंड असताना तर तो कितीतरी वाढतो.

ते म्हणाले, "बरं, घाला तुमचं तेल. आवाज आला तर मला सांगू नका."

१३ जुलै

बाजार. आधी तुर्भे, मग कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूची दुकानं. गाडी उभी असल्याने दिवसाचं भाडं बुडत होतं, तरीही हा दिवस दिला.

पहिल्या दुकानात "ईपी ९०" मागितलं की समोर ठेवतात ते बहुतेक जीएल-५. ईपीवरून एवढंच कळतं की जास्त दाबाला टिकणारी रसायनं त्यात आहेत, किती आहेत ते नाही. डब्याच्या पाठीमागची बारीक अक्षरं वाचायची. एका डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं होतं. दुकानदार म्हणाला, दोन्हीला चालतं. हाऊसिंगला चालेल, पितळी रिंगच्या गिअरबॉक्समध्ये मी ते घालणार नाही. ज्या तेलात जीएल-५ ची मात्रा आहे ते जीएल-४ ची दातांची परीक्षा पास होणारच. रिंगची पकड कशी राहील, हे त्या छापावरून कळत नाही.

दुसऱ्याने ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक पुढे केलं, हजाराच्या वर लिटर. तेल उत्तम, जास्त टिकतंही. पण डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीसाठी असतो. ८०डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे २६ अंशांवर होते, ७५डब्ल्यूची उणे ४० वर. ठाण्यात जानेवारीच्या पहाटेही त्याच्या जवळपास आपण जात नाही. या फरकासाठी तिप्पट पैसे द्यायचे नाहीत, शिवाय पाणी शिरलेला गिअरबॉक्स धुवायला आधी बरंच तेल वाया जाणार आहे.

तिसऱ्या दुकानात सुटं तेल होतं, लिटरमागे शंभर रुपये स्वस्त. बॅरलवरचं लेबल फाटलेलं. मी ते घेतलं नाही, तुम्हीही घेऊ नका. आपण ज्या आकड्यासाठी हिंडतोय तोच सुट्या तेलात कळत नाही.

शेवटी सरकारी तेल कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून ८०डब्ल्यू-९० जीएल-४ ची वीस लिटरची सीलबंद बादली घेतली. सात हजारांच्या आसपास पडली. गिअरबॉक्सला साडेसहा लिटरच्या आत लागतं, पण बादली घेण्याचं कारण पुढे येईल.

अजून एक सांगून ठेवतो, कारण विचारणारे भेटतात. मोठ्या ट्रकांच्या काही बिनसिंक्रो गिअरबॉक्सना इंजिन ऑईलच लागतं, आणि काही हलक्या गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचं पातळ तेल. त्यात गिअर ऑईल भरणं हेही तितकंच चूक. इंजिन ऑईल आणि गिअर ऑईलचे नंबर एकमेकांशी ताडून बघू नका, मापपट्टी वेगळी आहे. गिअर ऑईलचा ९० हा इंजिन ऑईलच्या ४०-५० च्या जवळपासचा असतो.

१५ जुलै

घरी एक प्रयोग केला. तेल कंपन्या तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात तीन तास बुडवून ठेवतात आणि तिचा रंग किती गडद झाला यावर १ ते ४ असा दर्जा देतात. गिअर ऑईलसाठी हे १२१ अंशांवर करतात. जीएल-५ ला ३ पर्यंतचा रंग चालतो, म्हणजे चांगला गडद. मी पॉलिश पेपरने घासलेल्या तांब्याच्या तारा घेतल्या, स्टीलच्या भांड्यांत तेलं ओतली, भांडी वाळूच्या तव्यात ठेवली आणि तवा विजेच्या शेगडीवर, गच्चीवर मोकळ्या हवेत. उघड्या आचेवर हे कुणी करू नये.

जीएल-४ मधली तार जवळपास तशीच, किंचित नारिंगी. आमच्या गिअरबॉक्सच्या लेव्हलच्या भोकातून थोडं काढून घेतलेल्या जुन्या तेलातली काळी-जांभळी. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण हाऊसिंगसाठी आणलेल्या ताज्या जीएल-५ मधली तार थोडीच गडद झाली होती. आजच्या चांगल्या जीएल-५ तेलांत तांब्याला वाचवणारी रसायनं घालतात, त्याचा हा परिणाम. म्हणजे "जीएल-५ घातलं की पितळ खाऊन टाकतं" हे सरसकट वाक्य मी यापुढे वापरणार नाही. तेल जुनं, तापून गेलेलं आणि पाणी मिसळलेलं असलं तर खातं, हे समोर दिसलं. ताज्या तेलात खाण्यापेक्षा निसरडेपणाचा आणि जाडीचा त्रास जास्त. आणि निसरडेपणा तार बुडवून दिसत नाही, तो गिअरच्या दांड्यावरच कळतो.

निर्णय बदलला नाही, त्यामागचं कारण मात्र नीट झालं.

१७ जुलै

तेल काढायचा दिवस. खालचा ड्रेन नट सोडण्याआधी वरचा भरायचा नट सुटतो का ते बघा, हे नियमासारखं पाळा. आमचा सुटेना. आधी खालचा उघडला असता तर गिअरबॉक्स रिकामा, भरायला सरळ वाट नाही आणि गाडी जागची हलवता येत नाही, असं झालं असतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला. सकाळी पान्याला पाईप लावून जोर दिला तर नटाची धार गोल व्हायला लागली, तिथेच थांबलो. दुपारी मिस्त्रींनी नटाच्या भोवतीच्या लोखंडाला गरम केलं, मग सुटला. नवीन नट आणि दोन तांब्याचे वॉशर, दोनशेच्या आत. वेळ मात्र अख्खा दिवस गेला.

१८ जुलै

रिकामी गाडी ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीपर्यंत फिरवून आणली, तेल तापलं की गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. ड्रेन उघडल्यावर जे आलं ते दूध घातलेल्या चहासारखं.

ड्रेन नटाच्या चुंबकावर राखाडी लेप होता. बारीक लेप असतोच, कण किंवा तुकडे असले तर घाबरायचं. तुकडे नव्हते. पण चुंबक पोलादच धरतो, पितळ धरत नाही. म्हणून तेल जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर उन्हात सोनेरी चमक, भरपूर. ही रिंगची झीज. चुंबक बघून "गिअरबॉक्स ठीक आहे" सांगणाऱ्यांनी हे फडकं एकदा करून बघावं.

मिस्त्रींचं म्हणणं, आता डिझेल घालून पाच मिनिटं चालवू, आतून धुऊन निघेल. मी नाही म्हटलं. डिझेलने बेअरिंग कोरडे चालतात, आणि खाचाकोपऱ्यांत उरलेलं डिझेल नवीन तेल पातळ करतं. धुवायचं तर त्याच तेलाने. बादलीतलं तेल लेव्हलपर्यंत भरलं, मागची चाकं जॅकवर उचलून पुढची नीट अडवून सगळे गिअर हळू फिरवले, आणि गरम असतानाच काढून टाकलं. फिकट पण अजून गढूळ.

मग दुसऱ्यांदा भरलं. सपाट जागी, लेव्हलच्या भोकाच्या खालच्या कडेवरून तेल वाहायला लागेपर्यंत, त्याहून जास्त नाही. जास्त भरलं की फेस होतो, ब्रीदरमधून उतू जातं, नाहीतर पुढच्या सीलमधून क्लच प्लेटवर. ब्रीदरला नळी जोडून ती केबिनच्या मागे उंच नेली आणि तोंड खाली वळवलं. नळी आणि क्लिप मिळून दीडशे रुपये. या कामातला सगळ्यात स्वस्त आणि कदाचित सगळ्यात उपयोगी खर्च.

काढलेलं तेल गटारात नाही. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं. आमच्याकडचा नाला खाडीला मिळतो, आणि ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. यादी नसती तरी तिथे मासे धरणारी माणसं आहेत. डब्यांत भरून परवाना असलेल्या तेलवाल्याला दिलं.

२२ जुलै

पहिल्या पहाटे दुसरा गिअर पडला. थोडा जोर लागला, पण पडला. काकांनी गाडी परत येऊन लावली आणि आधी तेच सांगितलं: "भाऊ, हात दुखला नाही आज."

लेव्हल नट उघडून थेंब काढला, काचेवर अजून पांढुरकी झाक. पाणी पूर्ण गेलेलं नाही. शेवटचं बादलीतलं तेल भरून तिसऱ्यांदा बदललं. वीस लिटर घेण्याचं कारण हेच. पाणी शिरलेला गिअरबॉक्स एका भरण्यात स्वच्छ होत नाही.

९ ऑगस्ट

घोडबंदर रोडवर गायमुखचा घाट, भरलेली गाडी, पाऊस. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना करकर बरीच कमी, गेलेली नाही. डबल क्लच मारला (मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून, रेस देऊन पुन्हा दाबला) तर अजिबात नाही.

चौथ्या गिअरमध्ये नवीन बारीक गुंई ऐकू येतेय. ही आधीही असणार, १४० च्या जाड तेलाखाली दबलेली. मिस्त्रींनी गाडीत बसून ऐकलं आणि "बघा" एवढंच म्हणाले. गुंई भार आणि वेगाबरोबर वाढते. आज ती ऐकू येते म्हणून तिच्यावर लक्ष ठेवता येतं. आवाज दाबणारी पावडर-पुडी किंवा घट्ट करणारं औषध घालायचा सल्ला मिळाला, घातलं नाही. त्यातली मेणकट द्रव्यं रिंगच्या खाचांतच जाऊन बसणार, आणि ज्या पकडीसाठी एवढं केलं ती पुन्हा जाणार.

३ सप्टेंबर

मागच्या सीलमधून थेंब. पातळ तेलाने गळती "सुरू केली" असं म्हणतील. सील काढून पाहिलं तर ओठ कडक होऊन चिरलेला, जुना दोष आहे. सील आणि मजुरी मिळून नऊशेच्या घरात, अर्धा दिवस. ज्यांच्या गाडीत वर्षानुवर्षं १४० होतं त्यांनी तेल बदलताना हा खर्च मनात धरावा.

१९ ऑक्टोबर

पावसानंतर तेल काढून पाहिलं. स्वच्छ, पाण्याची झाक नाही, म्हणजे ब्रीदरची नळी काम करतेय. फडक्यावर सोनेरी चमक आहे, जुलैपेक्षा फारच कमी. पहाटेचा दुसरा आता अडत नाही. उतारावरची हलकी करकर मात्र तशीच, आणि ती तेलाने जाणार नाही. झिजलेली रिंग तेलाने परत भरत नाही.

दिवाळीनंतर गिअरबॉक्स उतरवायचा ठरलं. दुसऱ्याची रिंग कोनावर हाताने दाबून रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची, पुस्तकातल्या कमीत कमी मापापेक्षा कमी असेल तर रिंग नवीन. तिसऱ्याचीही त्याच वेळी मोजणार, चौथ्याच्या बेअरिंगसह. मिस्त्रींनी तारीख दिलीय, आणि येताना जीएल-४ ची बादली मीच आणावी असं त्यांनीच सांगितलंय, त्यांच्या बॅरलमधलं तेल हाऊसिंगसाठी राहू दे म्हणाले.